स्पीकरकडं तारीख मागायची कुणी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन सुरू झालं की तुमच्या पेपरात, खरं तर सगळ्याच पेपरांत, पहिल्या पानावर एकच हेडिंग ठरलेलं असतंय, 'गदारोळात कामकाज तहकूब'. दिल्लीचं असो नाहीतर आमच्या हलग्याच्या सुवर्णसौधातलं, म्हणजे कर्नाटक विधानसभेच्या बेळगावातल्या इमारतीतलं असो, हेडिंग तेच, फक्त फोटो बदलतोय. परवा खानापूर स्टँडजवळच्या हॉटेलात हाच पेपर हातात धरून एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, स्पीकरचं काम काय ओ, बैठिये बैठिये म्हणायचं आणि पगार घ्यायचा. सगळे हसले, मी पण हसलो. पण घरी येऊन झोप लागेना, कारण त्या खुर्चीच्या लहान भावाशेजारी मी स्वतः बसलोय आणि तिथं काय काय चालतंय ते मला चांगलं माहिती आहे. ते काय ते सांगतो, मग दिल्लीला जाऊया.

आमच्या गावात कृषी पत्तीन सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांची पतसंस्था आहे, तिथं मी बरीच वर्षं संचालक होतो आणि अक्षर बरं म्हणून सभेचं प्रोसिडिंग लिहायचं काम माझ्याकडं. वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात, गणपती मंडळाचा माइक, भाड्याच्या प्लास्टिक खुर्च्या, पहिल्या दोन लाइनीत चेअरमनची भाऊकी. एका वर्षी विषय नंबर पाच होता, बजेटपेक्षा जादा झालेल्या खर्चास मंजुरी देणे. चेअरमननी वाचलं आणि वाचून होतंय न होतंय तोवर पुढच्या लाइनीतनं 'मंजूर मंजूर'. मागच्या बाजूला एकजण उभा राहिला, हातात अहवालाची सुरळी, म्हणाला मला मंजूर नाही, हात वर करायला सांगा आणि मोजा. एवढंच. शिवी नाही, आरडाओरड नाही. चेअरमननी त्याच्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं, मग माइकवर म्हणाले, चहा आलाय. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि चहानंतर चेअरमननी वाचला विषय नंबर सहा. तो माणूस उभाच होता काही वेळ, मग बसला. आणि मी बुकात लिहिलं 'विषय क्र. ५ एकमताने मंजूर'. ते अक्षर माझं आहे, अजून त्या बुकात आहे.

बघा, चेअरमननी काही चुकीचं 'केलं' का? नाही. त्यांनी काहीच केलं नाही. मोजलं नाही, उत्तर दिलं नाही, नाही म्हटलं नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की वर बसणाऱ्या माणसाची खरी ताकद घंटा वाजवण्यात नाही, काहीतरी न करण्यात आहे, आणि आपला कायदा त्याला न करायची मुभा देऊन बसलाय.

(मध्येच एक. स्पीकर, अध्यक्ष, सभापती हा घोळ आमच्याकडं जरा जास्त आहे. महाराष्ट्रात विधानसभेला अध्यक्ष आणि परिषदेला सभापती, कर्नाटकात कन्नडमधून सभाध्यक्ष म्हणतात, शिवाय बाजार समितीला सभापती वेगळा. म्हणून मी सरळ स्पीकर लिहितो, सगळ्यांना कळतंय.)

आता दिल्ली. 20 सप्टेंबर 2020, राज्यसभा, शेतीची बिलं. खुर्चीवर उपसभापती हरिवंश. विरोधी खासदार म्हणत होते मतविभागणी घ्या, म्हणजे मोजा, आणि आवाजी मतदानानं तीनपैकी दोन बिलं त्या दिवशी पास झाली. हरिवंश यांचं म्हणणं होतं की मागणी करणारे आपल्या जागेवर नव्हते म्हणून मोजणी घेता आली नाही, विरोधकांचं म्हणणं आम्ही मागत होतो. खरं कोण ते मी इथं बसून कसं सांगू. पण टीव्हीवर ते बघताना मला आमच्या पटांगणातली ती अहवालाची सुरळीच दिसत होती. पुढं वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 ला तेच कायदे परत घेतले, तेही आवाजी मतदानानंच, चर्चा नाही. आले आवाजानं, गेले आवाजानं. मोजायला किती वेळ लागतो ओ? बटण दाबायचं, बोर्डवर आकडा येतो.

पक्षांतराच्या कायद्यात तर ही न करण्याची गंमत उघडीवाघडी दिसते, आणि त्यात आमचा बेळगाव जिल्हा एवढा आहे की लॉ कॉलेजच्या पोरांना आमच्या माणसांची नावं पाठ असतात. 1985 ला घटनेत दहावं परिशिष्ट घातलं, म्हणजे आमदार-खासदारानं पक्ष सोडला किंवा व्हिप मोडला तर तो अपात्र, आणि हे ठरवणार कोण, तर स्पीकर. सुप्रीम कोर्टानं 1992 च्या किहोटो केसमध्ये सांगितलं की स्पीकरनी निर्णय दिला की मग कोर्ट तो तपासू शकतंय. निर्णय दिला की! आणि दिलाच नाही तर? आणि लई घाईत दिला तर?

घाईचं उदाहरण आमचंच. ऑक्टोबर 2010, येडियुरप्पांचं सरकार डळमळलं, भाजपच्या 11 आणि अपक्ष 5 आमदारांनी पाठिंबा काढला. स्पीकर होते के. जी. बोपय्या. 7 तारखेला नोटीस, 10 तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या, आणि 10 तारखेलाच निकाल, सोळाही अपात्र. 11 तारखेला विश्वासदर्शक ठराव, तोही आवाजी मतदानानं. म्हणजे सगळं मिळून तीन दिवस. त्या अकरात आरभावीचे बालचंद्र जारकीहोळी होते, सुप्रीम कोर्टातली केस त्यांच्याच नावानं आहे, बालचंद्र जारकीहोळी विरुद्ध येडियुरप्पा, आणि कोर्टानं 13 मे 2011 ला स्पीकरचा निर्णय रद्द केला. तोवर सात महिने गेलेले, सरकार वाचलेलं.

आता ह्याच्या उलट मणिपूर. 2017 ला तिथं एक आमदार काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आला आणि लगेच भाजपच्या सरकारात मंत्री झाला. लगेच म्हणजे लगेच. तक्रारी त्याच वर्षी स्पीकरकडं गेल्या. स्पीकरनी काय केलं? काही नाही. 2018 गेलं, 2019 गेलं, मंत्री मंत्रीच. शेवटी 21 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा अर्जांवर साधारण तीन महिन्यात निर्णय द्यायला पाहिजे आणि हे काम स्पीकरकडनं काढून एखाद्या स्वतंत्र ट्रिब्युनलकडं द्यावं का याचा संसदेनं विचार करावा. तरी हललं नाही म्हणून मार्चमध्ये कोर्टानंच त्याला मंत्रिमंडळातनं बाहेर काढलं.

एकच कायदा, एकच परिशिष्ट. एका स्पीकरला तीन दिवस पुरतात आणि दुसऱ्याला जवळजवळ तीन वर्षं पुरत नाहीत! आणि दोघांचंही कायद्यात बसतंय, कारण परिशिष्टात दिवसच लिहिलेले नाहीत. आमच्याकडं सातबारावर नाव चढवायला तलाठ्याला मुदत आहे, सकाल योजनेत म्हणजे इथल्या सरकारी सेवा हमीच्या कायद्यात जातीचा दाखला किती दिवसात द्यायचा ते ठरलंय, आणि ह्याला काही नाही. महाराष्ट्राचं तर तुमच्या वाचकांना सांगायला नकोच, जून 2022 ला बंड, निकाल 10 जानेवारी 2024 ला, तोही कोर्टानं तारीख ठरवून दिल्यावर. तेलंगणच्या बाबतीत परत 31 जुलै 2025 ला कोर्टाला सांगावं लागलं की तीन महिन्यात द्या. दरवेळी कोर्टानं येऊन तारीख द्यायची आणि दरवेळी पुढच्यानं विसरायची.

2019 चं पण सांगतो, कारण त्यात अपात्र झालेले आमदार आमच्या जिल्ह्यातले एक नाही तीन. गोकाकचे रमेश जारकीहोळी (बालचंद्रांचे थोरले भाऊ, म्हणजे एका घरातले दोघे दोन वेगळ्या स्पीकरांच्या हातून अपात्र, हे पण एक रेकॉर्डच म्हणायचं), अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील. कुमारस्वामी सरकार 23 जुलैला पडलं, 99 विरुद्ध 105. स्पीकर रमेश कुमार यांनी 25 ला तिघांना आणि 28 ला चौदाजणांना अपात्र केलं आणि वर असंही सांगितलं की 2023 पर्यंत निवडणूक लढवता येणार नाही. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबरात अपात्रता ठेवली पण लढायची बंदी उडवली, 5 डिसेंबरला पोटनिवडणूक झाली आणि आमचे तिन्ही भाजपच्या तिकिटावर परत निवडून आले. लोकांनी खुशीनं निवडलं, त्यावर मी काही म्हणत नाही. पण तेवढ्या चार-साडेचार महिन्यात कागवाडच्या उसाचा प्रश्न विचारायला विधानसभेत माणूस नव्हता आणि पूर त्याच ऑगस्टमध्ये आला होता. कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं आणि आमदाराची खुर्ची रिकामी. 2019 चा पूर ज्यांनी बघितला त्यांना ह्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

आता डेप्युटी स्पीकर. ह्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावणार. घटनेच्या 93 व्या कलमात लिहिलंय की लोकसभेनं शक्य तितक्या लवकर दोन सदस्य निवडायचे, एक स्पीकर आणि एक डेप्युटी. स्पीकर पहिल्या काही दिवसात निवडतात, कारण त्याच्याशिवाय गाडीच हलत नाही. डेप्युटीला मात्र 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे कधी? सतरावी लोकसभा 2019 ते 2024, अख्खी पाच वर्षं डेप्युटी स्पीकरशिवाय संपली. त्याच्या आधी 2014 ला अण्णाद्रमुकचे थंबीदुराई होते. लोक म्हणतील काय अडलं? काम तर चाललं. चाललं, पॅनेलमधले खासदार आळीपाळीनं खुर्चीवर बसतात. पण डेप्युटीला सभागृह निवडतं आणि पॅनेल स्पीकर स्वतः नेमतो, हा फरक लहान नाही. आणि गमतीची गोष्ट अशी की 94 व्या कलमाप्रमाणं स्पीकरला राजीनामा द्यायचा असेल तर तो डेप्युटीकडं द्यायचा. पाच वर्षं तो पत्ताच रिकामा होता, पाकीट टाकायचं कुठं?

डेप्युटी का लागतो ते 1954 ला दिसलं. पहिले स्पीकर दादासाहेब मावळणकर, गणेश वासुदेव, मूळ आपल्या कोकणातलं घराणं, वकिली आणि राजकारण अहमदाबादला. त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला डिसेंबर 1954 मध्ये. ज्याच्यावर ठराव त्यानं वर बसायचं नाही हे 96 व्या कलमात आहे, म्हणून खुर्चीवर डेप्युटी अनंतशयनम अय्यंगार बसले, चर्चा झाली, ठराव पडला आणि मावळणकर परत वर. 1966 ला हुकुमसिंगांवर पण आणला होता, पण पाठिंब्याला पन्नास सदस्य उभे राहिले नाहीत म्हणून तो चर्चेलाच आला नाही. 1987 ला बलराम जाखडांवर आणला, तोही पडला. पडले ते पडले, पण 1954 ला आणि 1987 ला बोलायला मिळालं, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो वर बसलेला नव्हता.

मावळणकरांचा आणि आमचा एक संबंध आहे तो इथल्या नव्या पोरांना माहिती नसणार. 1937 ला ते मुंबई विधानसभेचे स्पीकर झाले आणि तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता, 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत होता. म्हणजे बेळगावातनं निवडून गेलेले आमदार मावळणकरांच्या समोर उभं राहून बोलायचे. आता आम्ही कुणासमोर आणि कुठल्या भाषेत उभं राहतो हा वेगळा विषय, पण वेगळा तरी कसा म्हणायचा, तो पण स्पीकरच्याच खुर्चीखाली येतोय. कलम 210 बघा. राज्याच्या विधानसभेत कामकाज राज्याच्या भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि ज्या सदस्याला ह्या भाषांत नीट बोलता येत नाही त्याला स्पीकर मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. संसदेसाठी असंच 120 वं कलम. 'देऊ शकतात'. द्यायलाच पाहिजे असं नाही. लोकसभेत निदान मराठी बोललं तर कानाला लावायला दुभाष्याची सोय आहे, कन्नड बोललं तरी आहे. इथं सीमाभागातला मराठी आमदार उभा राहिला तर सगळं त्या 'शकतात' वर. मी भांडण लावायला लिहीत नाही, आमच्या घरात अर्धी सोयरीक कन्नड आहे. मी फक्त म्हणतो की आमचा हक्क हा आमचा हक्क नाही, वर बसणाऱ्याची मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानीला पण तारीख नसते.

सुवर्णसौधात मी एकदा पास काढून गेलोय, डिसेंबरची थंडी, हायवेवर पोलीस गाड्यांची रांग, कोंडसकोप्पला आंदोलनाचे तंबू. आत गॅलरीत बसलो. खाली एकाच वेळी सात-आठजण उभे, मान्य सभाध्यक्षरे मान्य सभाध्यक्षरे, आणि वरनं शांत आवाज, आयतु, आयतु, कूतकोळ्ळी, म्हणजे झालं, झालं, बसा. मला तासाभरात एक गोष्ट दिसली ती टीव्हीवर कधी दिसत नाही. स्पीकरची मान. ती ज्या बाजूला वळते त्या बाजूचा माइक चालू. एक आमदार वीस मिनिटं हात वर करून उभा होता, मान काही त्याच्याकडं वळली नाही. नियम मोडला का? नाही. दिसलाच नाही तर काय करणार.

सगळं न करणं वाईटच असतंय असं पण नाही हो. 17 एप्रिल 1999, वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, 269 विरुद्ध 270. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकीचा राजीनामा दिला नव्हता, त्यांनी मत द्यायचं का नाही असा वाद झाला, आणि स्पीकर बालयोगी यांनी ते गमांगांच्याच विवेकावर सोडलं. गमांगांनी मत दिलं. आता हिशोब करा, बालयोगी तेलुगू देसमचे, त्यांचा पक्ष वाजपेयींच्या बाजूनं. गमांगांना थांबवलं असतं तर 269-269, आणि बरोबरी झाली की कलम 100 प्रमाणं निर्णायक मत स्पीकरचं. म्हणजे चावी हातात होती आणि माणसानं फिरवली नाही. 2008 ला सोमनाथ चटर्जींनी पक्ष सांगतोय म्हणून खुर्ची सोडली नाही, पक्षानंच त्यांना काढून टाकलं. 1967 ला संजीव रेड्डी स्पीकर झाल्यावर स्वतःहून काँग्रेस सोडून बसले होते. अशी माणसं झाली, पण ती माणसं होती, नियम नव्हता. इंग्लंडमध्ये स्पीकर झाला की पक्ष सोडतोच, आणि पुढच्या निवडणुकीला मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. त्याला परत तिकिटासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आपल्याकडं काय, खुर्चीवरनं उतरला की परत पक्षाच्या ऑफिसात.

आणि हे मी हवेत बोलत नाही. बेळगावचे आत्ताचे खासदार जगदीश शेट्टर 2008 ला कर्नाटकाचे स्पीकर होते, दीड वर्षात खुर्ची सोडून मंत्री झाले, पुढं मुख्यमंत्री झाले. आमचा खानापूर तालुका कारवारच्या मतदारसंघात, तिथले खासदार विश्वेश्वर हेगडे कागेरी, 2019 ते 2023 स्पीकर, 2023 ला शिरसीत हरले, 2024 ला लोकसभेवर. एका जिल्ह्याच्या वाट्याला दोन-दोन माजी स्पीकर! दोघांनाही त्या खुर्चीची नस माहिती आहे. डिसेंबर 2023 ला दोन्ही सभागृहांचे मिळून 146 खासदार निलंबित झाले, त्यातले 100 लोकसभेचे, आणि विरोधकांची बरीच बाकं रिकामी असताना नवे फौजदारी कायदे पास झाले, तेव्हा हे दोघं तिथं नव्हते. पण आता आहेत. त्यांनी एकदा उभं राहून विचारावं, पक्षाचे म्हणून नाही, माजी स्पीकर म्हणून, की दहाव्या परिशिष्टात तीन महिने हे दोन शब्द घालायला काय अडचण आहे, आणि 93 व्या कलमातल्या 'शक्य तितक्या लवकर' च्या जागी साठ दिवस लिहिलं तर कुणाचं काय जातंय. उत्तर नाही आलं तरी चालेल, प्रश्न रेकॉर्डवर तरी जाईल.

संपादक साहेब, तुम्हाला पण एक काम सांगतो, रागावू नका. 'गदारोळ' हेडिंग खुशाल द्या, पण खाली एक बारीक चौकट द्या. आज मोजणी कुणी मागितली आणि मिळाली का, अपात्रतेचे अर्ज किती आणि कुठल्या तारखेपासून पडून आहेत. राशिभविष्याएवढी जागा पुरे. वाचक वाचतील, मी तरी वाचीन.

सोसायटीची सभा यंदा पण आहे. तो अहवालाची सुरळीवाला आता थकलाय, काठी घेऊन येतोय, पण येतोय. मी त्याला सांगितलंय ह्यावेळी मी तुमच्या शेजारी बसणार, स्टेजवर नाही.

पत्र लांबलं. कापायचं झालं तर इंग्लंडचं कापा, तारखा तेवढ्या राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. खानापूर, जि. बेळगाव